पहारेकरी

सत्याऐंशीच्या दिवाळीत भिवाजी हैदराबादच्या होस्टेलातून मुधोळला नवाच खेळ घेऊन आला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यात वीर व्हायचं, जगणं-मरणं फाशावर. पहिल्यांदाच गोष्ट चालवायला तो चंपतच्या ओसरीखालच्या पायरीवर बसला. चंपत आणि मंडळी वर सतरंजीवर होती.

"तहानलेला राजपुत्र विहिरीवर येतो," भिवाजी म्हणाला. "पहारेकरी म्हणतो, भांड्याला शिवू नको. ओंजळ धर, वरून ओततो."

राजपुत्र झालेल्या चंपतच्या अंगाचा तिळपापड झाला. "मले वरून ओतते? एवढा माजला का तो? मारतो त्याले!" फाशावर सहा पडले आणि पहारेकरी ठार झाला.

तेवढ्यात चंपतची आई पाणी घेऊन आली. वरच्यांना पेले देऊन ती पायरीकडे वळली. "ओंजळ धर, भिवा."

भिवाजीनं फासा उचलून चंपतपुढं ठेवला.


"टाक आता."