मोहितचा सत्कार

विमानाचं इंजिन बंद करताना मागच्या तोंडातून ज्वाळा निघाल्या. विमानतळावर कामाला असलेल्या ओतूरच्या मोहितने धावत जाऊन आत आग विझवायची पावडर मारली, आग विझवली. चार दिवसांनी तो गावी उतरला, तर एसटी स्टँडवर त्याचाच फ्लेक्स!

शाळेत सत्कार ठरला. "जळतं इमान इझवलं, राव! लई धाडसाचं पोरगं!" म्हणत सरपंच भिमाजींनी हार घातला. मोहितची मान काही वर होईना.

चौथीतली समृद्धी उभी राहिली. "दादा, तुम्ही नसता तर काय झालं असतं?"

मोहितने हार काढून टेबलावर ठेवला.

 

"पायलटनं इंधन बंद ठेवून इंजिन नुसतं फिरवलं असतं, बाळ, अन् वाऱ्यानंच आग विझली असती. माझ्या पावडरीनं चांगलं इंजिन वाया गेलं. म्हणून तर घरी बसवलंय मला."