बावीस मिनिटं

"बापाचा हक्क म्हणजे डोंगर. तो जागचा हलत नाही," असं वकीलसाहेबांनी कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात ठासून सांगितलं. मग त्यांनी डोंगराला जरा पलीकडे सरकायला सांगितलं. बाकावर फाईल ठेवायची होती.

बाप सरकला.

"आणि ते शाळेच्या बसचं गिळून टाका," साहेब आवाज उतरवून म्हणाले. "महिन्यातले दोन रविवार, तीन-तीन तास. त्यापलीकडे भेट नाही, असा हुकूम आहे. रोज मुलीचीच बस चालवता हे बाहेर आलं, तर रविवारही जातील आणि नोकरीही."

बसमध्ये मुलगी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसायची. जाताना बावीस मिनिटं, येताना बावीस. सगळ्या पोरांसारखी तीही त्याला काका म्हणायची. वय वर्षं सात, पण वर्षभरात एकदाही जीभ घसरली नव्हती.

आत समुपदेशक बाईंसमोर मुलीची आई आधीच येऊन बसली होती. तिला बाराशे किलोमीटरवर नवी नोकरी लागली होती. सोमवारी मुलीला घेऊन निघायचं होतं. बापाची संमती तेवढी बाकी होती.

बाई भल्या होत्या. त्यांनी वर्षाचे रविवार मोजले, तासांना तास लावले आणि बदल्यात मोठ्या सुट्टीतले आठ दिवस दिले. वर आठवड्याला एक व्हिडिओ कॉल.

"बघा, तुमचं काहीच बुडत नाही. उलट फायद्यातच आहात," त्या म्हणाल्या. "काय करता आपण?"

"ड्रायव्हर आहे."

"कुठली गाडी?"

वकीलसाहेबांना खोकला आला.

"पिवळी," बाप म्हणाला.

"रंग नाही विचारला मी."

"वाहतुकीत आहेत ते," साहेब खोकता खोकता म्हणाले.

मुलीची आई खिडकीबाहेर बघत होती.

"बरं. हरकत असेल तर आत्ताच सांगा," बाई म्हणाल्या. "मग रीतसर चौकशी लागेल. घराची, नोकरीची, सगळ्याचीच."

बापाने वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते फाईलची नाडी बांधायला लागले होते.

"नाही," बाप म्हणाला. "कशाला उगाच."

त्याने सही केली. तारीख चुकली. बाईंनी ती खोडून नीट लिहून घेतली.

जिन्यात मुलीच्या आईने त्याला गाठलं. साहेब पुढच्या पक्षकाराकडे वळले होते.

"शुक्रवारपर्यंत येईल ती शाळेत," ती म्हणाली.

"बरं."

"एक सांगायचं होतं. वर्षभर सांगेन सांगेन म्हणत होते, राहूनच गेलं."

बापाने कठडा धरला. "सांग."

"पेट्रोल पंपाजवळचं वळण जरा हळू घेत जा. तिला मळमळतं."