एसीतलं काम

"अब्बा, तुम्हाला थंडी काय कळणार? तुम्ही दुबईत," मी अमेरिकेतल्या बफेलोहून फोनवर हसायचो. डिसेंबर लागला की तिथे सरोवरावरून बर्फ यायचा, दारात कमरेएवढा साचायचा, आणि अब्बांचा रोज फोन. "ओवेस, मोजे दोन घाल, पण सैल घाल. ओल्या हाताने लोखंडाला शिवू नको. बोटं बधिर झाली तर एकदम गरम पाण्यात घालू नको."

"व्हॉट्सअ‍ॅपचं ज्ञान पुरे आता," मी म्हणायचो. श्रीवर्धनला घरी आम्हाला त्यांनी बावीस वर्षं एकच सांगितलं होतं: आपलं काम एसीतलं, उन्हाचा त्रास नाही.

यंदा ख्रिसमसच्या सुट्टीला, बर्फाने विमानं बंद व्हायच्या आत निघालो आणि न कळवता थेट दुबईत, अल कुसैसला त्यांच्या कंपनीत गेलो. वॉचमन म्हणाला, "रफिकचाचा? अंदर हैं, अभी निकलेंगे." त्याने बोट दाखवलं ते मासळीचं कोल्ड स्टोरेज होतं. दारावर लाल आकडा होता, उणे पंचवीस.

दार उघडलं. जाड जाकिटातले अब्बा खोका छातीशी धरून बाहेर आले. भुवयांवर बर्फ जमला होता. मला बघताच त्यांनी खोका खाली ठेवला आणि घाईघाईने पाठीमागचं दार लोटून घेतलं.

"तिकडे उन्हात उभा राहा बेटा," ते म्हणाले. "इथे थंडी लागेल तुला."