पहिल्या बास्केटचा मान

चेंडू रिंगमधून अलगद खाली उतरला. मंजुश्रीने दोन्ही हात वर करून उडी मारली. टाळ्या वाजल्या, पण त्या मेहकरच्या मुलींच्या होत्या. चिखलीच्या मुली कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. चिखलीच्या कॅप्टनने चेंडू चिखलीच्याच रिंगमध्ये टाकला होता. दोन गुण मेहकरला.

चूक सगळी तिची नव्हती. विद्यापीठ केंद्राच्या नव्या बास्केटबॉल हॉलचं नुकतंच उद्घाटन झालं होतं. चिखलीचा पहिला बास्केट पाहुण्यांच्या सोफ्यासमोरच पडावा, म्हणून केंद्रप्रमुखांनी ऐनवेळी दोन्ही संघांच्या बाजू बदलायला लावल्या. चेंडू हातात आल्यावर मंजुश्री ते साफ विसरली.

आता अख्खा हॉल हसत होता. नवं छत, नव्या भिंती, हसणं दुप्पट होऊन परत येत होतं. मंजुश्री बाकावर जाऊन बसली आणि तिने टॉवेल तोंडावर ओढला.

"सर, मी नाही खेळत आता. माहे बाबा बसले तिथं," ती प्रशिक्षकांना म्हणाली.

तिचे वडील जानराव तिचा सामना बघायला पहिल्यांदाच आले होते, थेट रोहिणखेडहून. खेळाचे नियम त्यांना ठाऊक नव्हते. पोरीने चेंडू टाकलेला पाहून त्यांनी मेहकरच्या मुलींबरोबर मनापासून टाळ्या पिटल्या होत्या. शेजारच्याने समजावून सांगितल्यापासून ते आपल्या चपलांकडे बघत होते.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे शंकरराव माइक घेऊन उठले. सत्तरी ओलांडलेला ताठ माणूस. हॉलच्या दारातच 'मैदानाचा इतिहास' असा मोठा फलक लावला होता आणि त्यावर पहिली ओळ त्यांचीच होती: 'या मैदानावरील पहिला बास्केट – शंकरराव, कर्णधार, चिखली.' हा इतिहास लिहायला एक समिती नेमली होती. समिती दोनदा शंकररावांकडे जाऊन चहा पिऊन आली आणि इतिहास तयार झाला. बरोबरचे खेळाडू नोकऱ्यांपायी कुठे कुठे पांगले होते. दुसरं विचारायचं तरी कोणाला? शंकररावांच्या लग्नाच्या वेळी मध्यस्थाने हीच कीर्ती मेहकरला पोचवली होती. तिच्यामुळेच मुलीने होकार दिला, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"पोरी, असं खचून चालत नाही," शंकररावांनी सुरुवात केली. "पन्नास वर्षांमागं इथं नुसतं मातीचं मैदान होतं. पहिला सामना, समोर मेहकर. साऱ्या मैदानाचा श्वास अडकला होता. अन् पहिला बास्केट टाकला तो या हातानं! ध्यान पाह्यजे, ध्यान!"

टॉवेल आणखी खाली ओढला गेला.

सोफ्यावरून अन्नपूर्णाबाई उठल्या. शंकररावांच्या पत्नी. नवऱ्याच्या प्रत्येक सत्कारात त्या शाल-नारळ सांभाळत शेजारी बसायच्या. आजवर कुठल्या कार्यक्रमात एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी नारळ सोफ्यावर ठेवला आणि नवऱ्याच्या हातातून माइक घेतला.

"द्या बरं इकडं. पोरी, वर पाह्य. मी मेहकरची. त्या सामन्याले आमच्या कॉलेजच्या पोरी एसटीनं आल्या होत्या, त्यात मी बी होती. पयला बास्केट यायनंच टाकला, हे सोळा आणे खरं हाय. पन कोनत्या रिंगमध्ये टाकला, हे यायले कोनी इचारलंच नाही."

त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"चिखलीच्याच."

क्षणभर कोणाला कळेना, हसावं की नाही. केंद्रप्रमुख दाराकडच्या फलकाकडे बघायला लागले. मग पहिलं हसू जानरावांना फुटलं, मोकळं, पोट धरून. त्यांच्यामागे सगळा हॉल फुटला. मंजुश्रीने टॉवेल बाजूला केला. डोळे ओले होते, पण तीही हसत होती.

शंकररावांचे कान लाल झाले होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं, आणि साऱ्या हॉलला हात जोडले. मग माइक परत घेऊन म्हणाले, "पोरी, मी काही खेळनं सोडलं नव्हतं. दहाच मिनिटात दुसरा टाकला होता, मेहकरच्या रिंगमध्ये. तो सोफ्याच्याच बाजूले पडला असता, पन तवा सोफा नव्हता. ऊठ!"

मंजुश्री उठली. शिट्टी वाजली. पुढच्याच चढाईत तिने तिघींना चुकवून चेंडू पाहुण्यांच्या डोक्यावरच्या रिंगमध्ये टाकला. जानराव आधी शेजाऱ्याला म्हणाले, "हा आपलाच ना बे?" आणि मग उभं राहून टाळ्या वाजवत सुटले.

सोफ्यावर शंकरराव मात्र सामना बघत नव्हते. ते हळूच वाकले.

"तू होती तिथं?"

"पयल्या रांगेत."

"मंग इतकी वर्सं बोलली काऊन नाही?"

"तुमी इतकं रंगवून सांगत होते. ऐकाले मजा ये."

शंकररावांनी सोफ्यावरचा नारळ उगाच फिरवला. मग अगदी पडलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "अन् हे सारं डोयानं पाहून बी लग्नाले हो म्हनली?"

अन्नपूर्णाबाईंनी पदर सारखा केला.

"मेहकर एकाच पॉइंटनं जिंकलं होतं. कोनीतरी उपकार फेडाले नको?"