सोर्बिएची सही

कोट आजच्या आज काढून घ्यायचे होते.

कर्नलचा हुकूम थोडक्यात होता. बटालियनमधले आफ्रिकी शिपाई दक्षिणेला, समुद्रकाठच्या छावणीत पाठवायचे. त्यांचे कोट, बूट आणि बंदुका गावोगावच्या फ्रेंच तरुणांना द्यायच्या. पूर्व फ्रान्समधल्या व्होजच्या डोंगरातली थंडी त्या लोकांना मानवत नाही, असं कारण लिहिलं होतं.

कप्तान सोर्बिएनं तो कागद लाकडाच्या वखारीपुढे वाचून दाखवला. समोर एकशे बारा माणसं चिखलात उभी होती. आफ्रिकेतल्या चाडहून निघून वाळवंट, इटली आणि फ्रान्सचा किनारा मागे टाकत ती इथवर आली होती. थंडीची तक्रार त्यांतल्या एकानंही केली नव्हती. वाचताना कप्तानाची नजर कागदावरून हलली नाही.

सार्जंट जिमादूमनं हुकूम माणसांना त्यांच्या भाषेत समजावला. पहिला कोट त्यानं स्वतःचा काढला, घडी घातली आणि फळीवर ठेवला. मग बाकीचे काढू लागले. म्हातारा शिपाई कोसी एका हडकुळ्या तरुणाच्या खांद्यावर आपला कोट चढवत म्हणाला, "जपून घाल, बाबा. यातल्या उवा चार वर्षांच्या मुरलेल्या आहेत. जर्मन दिसला की आधी त्याच चावतात." चारदोन जण हसले. तरुणाला मात्र बटणं लावता येईनात.

हुकुमात एक सवलत होती. एका कंपनीला एक आफ्रिकी सार्जंट ठेवून घेता येत होता. त्याच्यावाचून अडेल असं कप्तानानं लिहून द्यायचं, की काम झालं. कारकून पेलिस्सूनं जिमादूमचं नाव घालून अर्ज तयारही ठेवला होता. फक्त सही हवी होती, आणि सही खऱ्या नावानं, जन्मगावासकट.

अडचण तिथेच होती. एकोणीसशे चाळीस साली जर्मनांपुढे फ्रान्स पडल्यावर जे परदेशातून लढायला उभे राहिले, त्यांतल्या बऱ्याच जणांनी खोटी नावं घेतली होती. मागे राहिलेल्या आईबापांना जर्मनांनी धरू नये म्हणून. कुणाचं खरं नाव विचारणं असभ्यपणाचं समजत. आता पॅरिस सुटलं होतं आणि कचेरीला जुनी नावं हवी होती.

"मी चार वर्षं लाफ्लेश होतो," पेलिस्सू म्हणाला. "परवा पुन्हा पेलिस्सू झालो. बायकोनं कळवलंय, आधीचंच बरं होतं. तुम्हीही उरका, साहेब. तोंडावरचं वाळवंटाचं ऊन काही उतरत नाही तुमच्या, निदान नाव तरी उतरवा."

"ठेव तिथे. बघतो."

कप्तानाला पत्रं येत नसत. त्याचा बाप जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या मार्शलच्या बाजूचा बडा न्यायाधीश आहे, त्यानं देशभक्तांना मृत्यूची शिक्षा दिली आहे, अशी कुजबुज कंपनीत होती. पेलिस्सूला त्याची कीव येई. बापाचं पाप पोराच्या माथी, असं तो म्हणे. त्या दिवशी रविवार होता. कप्तान सकाळी गावच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला होता, पण प्रसादासाठी सगळे उठले तेव्हा तो उठला नाही.

दुपारी जिमादूम वस्तरा घेऊन आला. दर आठ दिवसांनी कप्तानाचं डोकं तोच गुळगुळीत करी. दुसऱ्या कुणाचा हात कप्तानाला चालत नसे. आज जिमादूम नुसत्या सदऱ्यावर होता आणि त्याची बोटं गारठली होती. काम करता करता, जर्मनीच्या हद्दीवरच्या राईन नदीपर्यंत तरी येऊ द्यावं, असं त्यानं सांगितलं.

"एका सहीचं काम आहे, साहेब. मी घरी शब्द देऊन निघालोय."

"कसला शब्द?" पेलिस्सूनं टेबलावरून विचारलं.

"शेवटपर्यंत साथ सोडणार नाही असा."

पेलिस्सूनं टोपी काढली. "फ्रान्सवर इतकी माया आमच्या मेव्हण्याचीसुद्धा नाही," तो म्हणाला.

आदल्या दिवशी जेवताना कर्नल म्हणाला होता, राईन ओलांडतानाच्या फोटोत सगळे चेहरे गोरे दिसले पाहिजेत. टेबलाभोवतीचे सगळे हसले होते. कप्तानही हसला होता.

जिमादूम गेल्यावर त्यानं अर्ज पुढे ओढला. खऱ्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं. बराच वेळ त्या अक्षराकडे पाहिलं. मग अर्ज चुरगाळून शेगडीत टाकला.

"त्याचं नाव ठेवायच्या यादीतून काढ."

पेलिस्सूला विनोद सुचला नाही. तो हळूच म्हणाला, "नावाची इतकी लाज, साहेब?"

"हो," कप्तान म्हणाला.

तीन वाजता ट्रक लागले. माणसं मिळतील ती पोती पांघरून बसली होती. जिमादूम सगळ्यांत शेवटी चढला. कप्तान जवळ गेला, आपले हातमोजे काढून त्याच्यापुढे धरले. जिमादूमनं ते घेतले नाहीत. त्यानं कडक सलाम ठोकला.

ट्रक सुरू झाला तसा तो फळीवरून खाली वाकला आणि चार वर्षांत कप्तानाशी एकदाही न बोललेल्या आपल्या गावच्या भाषेत म्हणाला,

"आईनं बजावलं होतं, धाकट्याला एकटं सोडून येऊ नकोस. आता ती विचारेल. तिला तुझं काय सांगू?"