तिसरा हायड्रोजन

चहाची बशी कॉलेजचे डेमॉन्स्ट्रेटर वामनरावांच्या ओठांपर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

"अहो, फॉस्फरस आम्लाच्या फॉर्म्युल्यात दिसतात तीन," अमरावतीहून आलेले परीक्षक काळमेघ सांगत होते, "पण अल्कलीच्या हाती लागतात दोनच हायड्रोजन. फॉस्फरसचे तीन हात गुंतले तरी इलेक्ट्रॉनची एक जोडी त्याच्यापाशी मोकळी उरते ना? ती एका हायड्रोजनला स्वतःकडेच ओढून घेते. तो मग कुठला सुटतो! आज जो कोणी तीन लिहील, त्याला भोपळा."

वामनरावांनी जाणत्यासारखी मान डोलावली खरी, पण डोकं गरगरायला लागलं. मागच्या साली बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला हेच आम्ल होतं. तेव्हाचे परीक्षक तपासणी वामनरावांच्या गळ्यात टाकून मोकळे झाले होते. शामलानं 'दोन' लिहिलं, फॉर्म्युल्यात तर तीन ढळढळीत दिसत होते, म्हणून यांनी फुली मारली. पोरगी नापास झाली. "बुरेट दोनच दाखवते सर, काहून?" असं विचारायला आली, तर 'तीनच!' म्हणून वर तिलाच झापलं. आता फॉर्म्युलाही खरा आणि बुरेटही खरी म्हणजे काय, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरेना.

प्रयोगशाळेत ते तडक शामलाच्या टेबलाशी गेले. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावूनही ती घामानं निथळत होती. काटोलच्या एका शाळेनं विज्ञानाच्या बाईंची जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती, पण ती निकालापर्यंतच. तिच्या फ्लास्कमध्ये गुलाबी रंग नुकताच टिकला होता. वामनरावांनी बुरेटमधली अल्कली किती उतरली ते वाचलं, मनातल्या मनात हिशेब केला. दोन! लख्ख दोन. आणि कागदावर बाईसाहेबांनी लिहिलं होतं, तीन.

आली का पंचाईत! सांगावं तर परीक्षेत उत्तर सांगितल्याचं पाप, न सांगावं तर पोरगी दुसऱ्यांदा बुडणार, आणि तीही यांच्याच पायी. तिकडून काळमेघ एकेक टेबल तपासत येत होते.

"शामला," ते वाकून पुटपुटले, "बुरेट काय म्हणते वं?"

"आतापण दोनच येऊन राहिले, सर. मले काहीच समजून नाही राहिलं. पण मी तीनच लिहिलं जी. तुम्हीच सांगतलं होतं ना."

"माझं चुकलं होतं. दोनच बरोबर आहे. खोड ते, लवकर."

शामला पार भांबावली. तिनं बुरेटकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, मग वामनरावांच्या तोंडाकडं पाहिलं. वर्षभर बिचारीनं 'तीन' घोकलं होतं.

"खोड वं पोरी! दोन लिही!"

काळमेघ शेजारच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. शामलानं झटकन कागद उचलला आणि छातीशी गच्च धरला.

"तुम्ही मले आजमावून राहिले ना, सर?" ती हळूच म्हणाली. "औंदा नाही फसत मी."