त्याची आई कोण?

"आधी राख टाकली आमच्यावर. आता गू पाठवतायत?"

लिमेजोने बाटली खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि परत दिली. बर्फात थिजलेली. अमेरिकेहून आलेली.

"गू नव्हे गं मावशी, त्यातले जंतू. निरोगी माणसाचे," तिची भाची मोलिना म्हणाली. मार्शल बेटांवर, माजुरोच्या इस्पितळात ती नर्स होती.

लहानपणी अमेरिकेच्या अणुबॉम्ब चाचणीची राख. म्हातारपणी कॅन्सर. होनोलुलूला किरणं दिली. गाठ जळाली, आतडंही जळालं. आता पेजसुद्धा टिकत नव्हती, रक्त पडत होतं. आतड्यात नवे जंतू रुजले तर जगेल, नाहीतर नाही. फिजीच्या डॉक्टर वाकाउतांनी हे तिच्यापासून लपवलं नव्हतं.

"माझं रक्त, माझी लघवी, वर्षानुवर्षं नेली त्यांनी. बाटलीतून मी जितक्यांदा अमेरिकेला गेले, तितका आमचा राष्ट्राध्यक्ष गेला नसेल! त्यांचं काही माझ्या पोटात जाणार नाही. मरेन."

"मग तुमच्यातलाच कुणी शोधतो," डॉक्टर म्हणाले.

नातलगांतला एकही चालेना. डब्यातलं मांस, साखर, मधुमेह. शेवटी आयलुक बेटावर एक जण सापडला.

"खातो काय?"

"मासे, नारळ, खड्ड्यात आंबवलेला नीरफणस. डब्याला हात लावत नाही," मोलिना म्हणाली.

"आणि स्वभावाने?"

"लाजाळू आहे. उन्हात सदरासुद्धा काढत नाही."

"बरंय. त्याची आई कोण?"

आमच्या बेटांवर जमीन आईची, कूळ आईचं. पोटचा की मांडीवर घेतलेला, हे कुणी विचारत नाही.

मोलिना पडदा सारखा करू लागली. "आयलुकची लिबोन."

"लिबोन! अगं, तिच्या हातचा नीरफणस खाल्लाय मी. तिचा तो माझाच. घाला."

रक्त थांबलं. लिमेजो भात मागू लागली, मग मासा, मग माशाचं डोकं. भेटायला येईल त्याला पोटावर थाप मारून सांगायची, "आत सगळं आपलं! त्यांचं कणभर नाही."

आयलुकची बोट आली त्या दिवशी ती काठी न घेता धक्क्यावर गेली. टोपी डोळ्यांवर ओढलेला एक माणूस फळीवरून उतरला. हातात पानात बांधलेला नीरफणस.

"मावशी, आईने पाठवलाय," तो अस्सल आयलुकच्या हेलात म्हणाला.

तिने दोन्ही हात पुढे केले. वाऱ्याने त्याची बाही उडाली. उन्हाने लालबुंद झालेल्या गोऱ्या दंडावर अमेरिकी नौदलाचा गरुड गोंदलेला होता, नांगर पंजात आवळून बसलेला.